लाइट आली, पण टीव्हीचा आवाज गेला? जोडलेली उपकरणं पुन्हा जुळवायची कशी

सांगलीत वळवाचा पाऊस कसा येतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारभर अंगाची लाही होते, चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो, खिडक्या आपटायला लागतात आणि पहिला थेंब पडायच्या आधीच लाइट जाते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अशीच गेलेली लाइट रात्री नऊला आली. पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला, टीव्हीवर चित्रही आलं. आवाज मात्र काही केल्या येईना.

झोपण्याआधी अर्धा तास नाट्यपदं ऐकल्याशिवाय माझ्या बाबांचा दिवस संपत नाही. त्या रात्री मी दोन तास रिमोटची सगळी बटणं दाबत बसले. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) उघडलासुद्धा नाही, नुसता लाल दिवा बघितला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय मॅडम, साडेचार हजार धरून चाला." पैसे द्यायची तयारी केली होती, तेवढ्यात मिरजेच्या मामेभावाचा फोन आला. तो मंडपाच्या साउंडचं काम करतो. म्हणाला, "ताई, आधी सगळ्या पिना काढ. दहा मिनिटं कशाला हात लावू नकोस. मग मी सांगतो त्या क्रमानं लाव." तसं केलं आणि आवाज आला. काहीही गेलेलं नव्हतं.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, कारण गल्लीत प्रत्येक वादळानंतर कुणाकडे तरी हेच होतं. टीव्ही, साउंडबार, सेटटॉप बॉक्स, राउटर ही सगळी मंडळी तारेने किंवा वायफायने एकमेकांशी सतत बोलत असतात. लाइट अचानक जाते, येते, परत जाते, तेव्हा कुणी आधी जागं होतं, कुणी नंतर, आणि त्यांची एकमेकांशी असलेली ओळख तुटते. अशा वेळी प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे ठणठणीत असते, फक्त जोडणी विस्कटलेली असते. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलवायच्या आधी पुढच्या पायऱ्या करून बघा.

एक गोष्ट मात्र वेगळी. ज्या वस्तूत पाणी शिरलंय तिला यातलं काहीही लागू नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेले टीव्ही लोकांनी वरवर वाळवून लावले होते. तसं करू नका. भिजलेली वस्तू तंत्रज्ञाने उघडून तपासल्याशिवाय पिनेला लावायची नाही.

जवळ काय काय हवं

- बॅटरी किंवा डोक्याला बांधायचा दिवा. टीव्हीच्या मागे मोबाइल धरून काम होत नाही, एक हात अडकतो.
- प्लगमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर. मल्टीमीटर वापरता येत असेल तर तोही चालेल.
- कागदी चिकटपट्टी आणि मार्कर पेन.
- एक जादा एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी), जी चालते हे तुम्हाला नक्की माहीत आहे.
- रिमोटचे नवे सेल.
- सगळी बिलं, वॉरंटी कार्डं आणि वायफायचा पासवर्ड लिहिलेला कागद.

१. लाइट आली की आधी काहीच लावू नका

लाइट आली की गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी, फ्रिज आणि एसी एकदम सुरू होतात. डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळा भार एकाच वेळी येतो आणि व्होल्टेज वरखाली होतं. शिवाय वादळानंतर लाइन एकदा चालू करून परत बंद पडणं हेही नेहमीचंच. म्हणून लाइट आल्यावर निदान दहा मिनिटं टीव्हीच्या बोर्डाचं बटण बंदच ठेवा. आमच्याकडे आता नियम आहे: लाइट गेली की जो कुणी घरात असेल त्याने पहिल्यांदा ते बटण बंद करायचं.

रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो. तो झोपलेला असतो आणि झटका त्यालाही बसतो.

२. व्होल्टेज बघा

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. थोडंफार इकडेतिकडे चालतं. हल्लीचे बरेच टीव्ही कमी व्होल्टेज सहन करतात, जास्त व्होल्टेज मात्र करत नाहीत. मीटरवर २५० च्या वर आकडा दिसत असेल तर थांबा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डीपीपासून येणारी न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटणं. तशा वेळी एका घरात व्होल्टेज पार पडतं आणि दुसऱ्या घरात ते ४०० च्या आसपासही जाऊ शकतं. ओळखायची खूण सोपी आहे. पंखा कधी नव्हे इतका जोरात फिरतो, दिवे झगझगीत होतात, त्याच वेळी शेजारी मिणमिणते असतात. तीन फेजचं कनेक्शन असेल तर एकाच घरात एका खोलीत प्रखर आणि दुसरीत मंद उजेड दिसतो. असं दिसलं की विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांनाही हाक मारून सांगा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. डीपीच्या पेटीला स्वतः हात लावायचा नाही, लाइट गेलेली असली तरी नाही.

३. फोटो काढा, मग सगळं सुटं करा

आधी टीव्हीच्या मागचा फोटो काढा, कुठली केबल कुठे लागली आहे ते स्पष्ट दिसेल असा. मग चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहा. 'बॉक्स', 'साउंडबार', 'स्टिक'. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते दर वेळी उपयोगी पडतं.

आता सगळ्यांच्या विजेच्या पिना बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिना काढल्यावरच एचडीएमआय केबल काढायच्या आणि लावतानाही केबल आधी, पिना नंतर. अर्थिंग नीट नसलेल्या घरात टीव्हीच्या मागच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात ना, तोच प्रवाह चालू उपकरणात केबल खुपसताना एचडीएमआयच्या नाजूक पिनांमधून जातो आणि तो पोर्ट कायमचा जाऊ शकतो.

सगळं सुटं झालं की दहा मिनिटं तसंच ठेवा. उपकरणांच्या आत साठलेली वीज पूर्ण उतरावी लागते. काही जण तीस सेकंदांत पिना परत लावतात आणि मग म्हणतात, रीस्टार्ट करून बघितलं, उपयोग नाही. तेवढ्या वेळात बऱ्याच वस्तूंची जुनी अवस्था पुसलीच जात नाही.

४. क्रमाने जोडा

आधी सगळ्या केबल जागच्या जागी लावून घ्या, मग विजेच्या पिना पुढच्या क्रमाने लावा. हा क्रम मामेभावाने सांगितलेला. का, ते नंतर समजलं आणि ते समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

पहिला राउटर. त्याला पूर्ण जागं व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर बाकीचं करता येतं.

दुसरा टीव्ही. चालू करा आणि त्याचा मेनू उघडेपर्यंत थांबा.

तिसरा साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर. फक्त याचीच पिन लावा आणि आवाज तपासा. टीव्हीतच यूट्यूब असेल तर एखादं गाणं लावून बघा.

चौथा सेटटॉप बॉक्स. मग स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या मागे लावायची, इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी छोटी दांडी), गेमचं यंत्र, जे काही असेल ते. एका वेळी एकच. प्रत्येकाची पिन लावल्यावर चित्र आणि आवाज दोन्ही बघायचे, मगच पुढचं.

कारण असं. सेटटॉप बॉक्स सुरू होताना एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीला विचारतो, तुला कुठलं चित्र झेपतं, कुठला आवाज झेपतो? शिवाय चित्राची चोरी होऊ नये म्हणून दोघे एकमेकांची ओळखही पटवून घेतात. टीव्ही अजून झोपेत असेल तर उत्तर मिळत नाही आणि बॉक्स काहीतरी गृहीत धरून बसतो. मग पडदा काळा राहतो किंवा चित्र आलं तरी आवाज येत नाही. लाइट एकदम येते तेव्हा सगळे एकाच क्षणी उठतात आणि हीच गडबड होते. उत्तर देणारा आधी उठवायचा, विचारणारा नंतर.

स्ट्रीमिंग स्टिकबद्दल एक. बरेच जण ती टीव्हीच्याच यूएसबीवर चालवतात. तिथून तिला पुरेशी वीज मिळेलच असं नाही आणि ती मध्येच बंद पडून परत सुरू होत राहते. तिच्यासोबत आलेला ॲडॅप्टर वापरा.

५. चित्र आहे, आवाज नाही

लाइट गेल्यानंतरच्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वरचा क्रम करूनही आवाज नसेल तर पुढच्या गोष्टी एकेक करून बघा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज कुठून काढायचा याचा पर्याय असतो. झटक्यानंतर तो पुष्कळदा टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर परत जातो. तो एचडीएमआय एआरसीवर, म्हणजे एचडीएमआय केबलनेच आवाज साउंडबारकडे पाठवायच्या सोयीवर, आणा.

साउंडबारवर काय निवडलं आहे? आमचा साउंडबार लाइट आली की ब्लूटूथवर जाऊन बसतो. समोरच्या जाळीमागे निळा दिवा लुकलुकत असतो, तो पांढरा होईपर्यंत इनपुटचं बटण दाबावं लागतं. रंगांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, तुमच्या माहितीपुस्तिकेत बघून लिहून ठेवा.

केबल योग्य भोकात आहे का? टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी आवाज उलट्या दिशेने साउंडबारला पाठवायची सोय बहुधा एकाच पोर्टवर असते. त्याच्या शेजारी एआरसी किंवा ईएआरसी असं छापलेलं असतं. घाईत केबल शेजारच्या पोर्टला लावली तर चित्रात काहीच फरक दिसत नाही, फक्त आवाज येत नाही.

आता खरी मेख. एका रिमोटने सगळं चालू-बंद करणारी जी सोय असते तिला तांत्रिक भाषेत सीईसी म्हणतात. प्रत्येक कंपनीने तिचं वेगळं बारसं केलंय: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. मेनूत त्याच नावाने शोधावं लागतं. ही सोय बंद असेल तर पुष्कळ टीव्हींवर एआरसीचा आवाजही बंद पडतो. म्हणून ती एकदा बंद करा, टीव्ही बंद करून चालू करा आणि मग ती परत चालू करा.

सीईसीमध्ये आणखी एक गोम आहे. एचडीएमआयला जोडलेली सगळी उपकरणं आपापसातला हा संवाद एकाच सामायिक तारेवर करतात. त्यातलं एक जरी अडकून बसलं तरी बाकीच्यांचं बोलणं थांबतं. आमच्या घरी दोषी सेटटॉप बॉक्स निघाला होता. त्याचा आवाजाशी काही संबंध आहे असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, पण त्याची केबल काढली की साउंडबार गायला लागायचा. म्हणून दर वेळी पिना काढून एकेक उपकरण सुटं करून बघा. दोषी सापडला की त्याच्या मेनूतली सीईसीची सोय बंद करा, बाकीच्यांची राहू द्या.

तरीही शांतताच असेल तर टीव्हीतला डिजिटल आवाजाचा प्रकार पीसीएमवर ठेवून बघा. हा सगळ्यात साधा प्रकार आहे आणि जवळजवळ सगळ्या साउंडबारना समजतो. त्यावर आवाज आला तर जोडणी ठीक आहे, फक्त भाषेचा घोटाळा होता.

शेवटचा उपाय ऑप्टिकल केबल. त्यातून वीज जातच नाही, उजेड जातो, त्यामुळे एचडीएमआयचा पोर्ट खरंच जळला असला तरी ही वाट सहसा शाबूत असते. टीव्ही चालू असताना केबलच्या दुसऱ्या टोकाला लालसर उजेड दिसला म्हणजे टीव्ही सिग्नल पाठवतोय. नवीन केबलच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या काढायच्या असतात. शेजारच्या काकूंनी टोपीसकट केबल लावली होती आणि दोन दिवस वाट बघितली. या जोडणीत आवाज कमी-जास्त करायला बहुतेक वेळा साउंडबारचाच रिमोट लागतो, एवढीच अडचण.

६. 'सिग्नल नाही' नेमकं कोण म्हणतंय?

पडद्यावरची पाटी नीट वाचा. ती साधी, टीव्हीच्या मेनूसारख्या अक्षरांत असेल तर टीव्ही म्हणतोय की बॉक्सकडून काही येत नाही. इनपुट बदललं असेल किंवा बॉक्सच बंद असेल. डिशवाल्या कंपनीच्या रंगात, एखाद्या क्रमांकासकट पाटी आली असेल तर टीव्ही आणि बॉक्सची जोडणी उत्तम आहे. अडचण छपरावर आहे. जोराच्या पावसात डिशचा सिग्नल तसाही पडतो. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात आला नाही तर वाऱ्याने डिश हलली असेल किंवा केबलच्या जोडात पाणी गेलं असेल. ओल्या छपरावर चढू नका.

बॉक्स सुरू व्हायला वेळ घेतो. मधेच वैतागून परत बंद केला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

७. वायफायवर चालणाऱ्या गोष्टी

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल असेल तर बाहेरून उजेडच येत नाही, म्हणजे तार तुटली आहे किंवा पुढच्या चौकातल्या डब्याला वीज नाही. घरात काहीही केलंत तरी उपयोग नाही, केबलवाल्याला फोन करा.

दिवे ठीक आहेत पण मोबाइलवरून टीव्ही दिसत नाही, तर बहुतेक वेळा मोबाइल स्वतःच्या डेटावर गेलेला असतो, किंवा मोबाइल एका नावाच्या वायफायवर आणि टीव्ही दुसऱ्या. दोघांना एकाच नावावर आणा. टीव्हीचं घड्याळ आणि तारीखही तपासा. तारीख चुकलेली असली की ॲप उघडतात पण चालत नाहीत. वेळ आपोआप घ्यायचा पर्याय चालू ठेवा.

८. सबवूफर, मागचे स्पीकर, जुनी होम थिएटर

वायरलेस सबवूफरवरचा (खर्जाच्या वेगळ्या स्पीकरवरचा) दिवा लुकलुकत असेल तर तो साउंडबारला शोधतोय, स्थिर झाला की सापडला. सापडत नसेल तर दोघांवरचं जोडणीचं बटण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबावं लागतं. आधी दोघांना एकमेकांजवळ आणा.

ॲम्प्लिफायरवर 'प्रोटेक्ट' अशी अक्षरं आली किंवा लाल दिवा ठरावीक तालात मिचमिचायला लागला तर त्याला परत परत चालू करू नका. पिन काढा आणि मागच्या स्पीकरच्या तारा बॅटरीच्या उजेडात बघा. केसाएवढी एखादी तांब्याची तार लाल आणि काळ्या टर्मिनलच्या मध्ये आडवी पडलेली असते. ती पीळ देऊन आत घ्या. सगळ्या स्पीकरच्या तारा काढूनही 'प्रोटेक्ट' गेलं नाही तर मात्र आतला दोष आहे, तो तंत्रज्ञाकडेच.

इन्व्हर्टरवर असतानाच स्पीकरमधून घरघर येते आणि लाइट आल्यावर थांबते, तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असावा. संगीतासाठी शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. लाइटवर असतानाही घरघर असेल तर केबल टीव्हीची जाड तार काढून बघा. घरघर थांबली तर दोष त्या तारेतून येतोय, अर्थिंग तपासून घ्या.

टीव्हीला लावलेली हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर टीव्ही 'फॉरमॅट करू का?' असं विचारतो. नाही म्हणा. डिस्क कॉम्प्युटरला लावून आधी आतल्या फाइली दुसरीकडे उतरवा, मग तिची तपासणी करा. बाबांची तीस वर्षांत जमवलेली रेकॉर्डिंग अशाच एका डिस्कवर होती. त्या रात्री मी चुकून 'हो' दाबलं असतं तर ती परत मिळाली नसती. आता तिची एक प्रत आत्याकडे साताऱ्याला असते.

९. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी

फोनवर मदत करणारे हेच पहिल्यांदा सांगतात. त्याने वायफाय, ॲपचे पासवर्ड, चॅनेलचा क्रम, स्पीकरची जोडणी सगळं पुसलं जातं. वरचं सगळं करून झाल्यावर आणि पासवर्ड हाताशी असतील तरच करा.

१०. सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी

बिल, वॉरंटी कार्ड, आणि उपकरणाच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल व सिरियल क्रमांक यांचा फोटो जवळ ठेवा. १९१२ वर नोंदवलेला तक्रार क्रमांकही. व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान पुष्कळ वॉरंटींत धरत नाहीत, तेव्हा आपल्या कार्डावरच्या अटी आधी वाचा. तंत्रज्ञ आला की 'आवाज येत नाही' एवढंच न सांगता काय काय करून बघितलं ते सांगा: दुसऱ्या केबलने बघितलं, ऑप्टिकलवर आवाज येतो, एचडीएमआयवर येत नाही. एवढं सांगितलं की कुणी न बघता बोर्ड बदलायला सांगत नाही. बदललेला जुना बोर्ड मागून घ्या.

११. पुढच्या वळवाआधी

आभाळ भरून आलं की, विजा चमकायच्या आधीच, विजेची पिन काढाच, शिवाय डिशची तार आणि राउटरपासून टीव्हीला येणारी लॅन केबलही काढा. तांब्याच्या या तारांतूनही झटका आत येतो. फायबरची तार काचेची असते, तिच्यातून येत नाही. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारा बोर्ड, चांगला घ्या. पण अर्थिंग नसलेल्या घरात तो पुरेसं काम करत नाही आणि मोठे झटके खाऊन तो आतून झिजतो. त्यावरचा संरक्षणाचा दिवा विझला की बदला. आमच्या घराचं अर्थिंग वायरमनने तपासलं तेव्हा तार गंजून तुटलेली निघाली. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता.

राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, बहुतेक राउटरना तो चालतो, तरी ॲडॅप्टरवर लिहिलेलं व्होल्टेज जुळवून घ्या. इन्व्हर्टरवर जाताना जो क्षणभराचा खंड पडतो त्यात राउटर बंद पडत नाही आणि निम्मा गोंधळ टळतो.

आणि जोडणीचा क्रम एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या कागदावर राउटर, टीव्ही, साउंडबार, बॉक्स असं लिहिलंय आणि त्याखाली साउंडबारच्या दिव्याचा रंग. गेल्या मे महिन्यात मी कोल्हापूरला असताना लाइट गेली होती. बाबांनी तो कागद वाचून एकट्याने सगळं लावलं आणि मला फोनवर पद ऐकवलं.